चौथ्या दिवसाचा रकाना

चौथ्या दिवसाला आमच्या कागदावर रकाना नाही.

शून्य आहे, एक आहे, तीन, पाच आणि सहा आहेत. शून्य म्हणजे बाईच्या शरीरातून बीजं बाहेर काढली तो दिवस. एकला बघायचं, किती फळली. तीनला पेशी मोजायच्या. पाचला बघायचं, त्या पेशींच्या गोळ्याचा फुगा झाला का, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगा गर्भ तयार झाला का. जे मागे रेंगाळलेत त्यांना सहापर्यंत मुदत. मधल्या दिवसांत कुणी बघत नाही. झाकण उघडलं की आतली ऊब जाते, आतली हवा बदलते. म्हणून उघडायचं नाही.

मी या लॅबमध्ये नऊ वर्षं हेच काम करते. हा कागद माझ्या ताईचा. वय त्रेचाळीस. आधीचे प्रयत्न दोन. पहिला रुजला नाही, दुसरा नवव्या आठवड्यात गेला. स्वतःच्या बीजांचा हा तिसरा आणि शेवटचा, असं तिनेच घरात जाहीर केलं होतं. "तिसऱ्यांदा नापास झाले तर शाळा सोडायची," ती म्हणाली होती. ती गणित शिकवते, त्यामुळे तिचे सगळे विनोद शाळेतले.

शून्य

"नातेवाइकाच्या डिशला हात लावायचा नाही," हा नियम बाईंचा. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, चष्मा कायम डोक्यावर. डॉक्टरसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. "आपल्या माणसाचं बघताना सहाच्या सात पेशी दिसतात. मला दिसल्यात एकदा. तू लांब राहायचंस."

म्हणून मी पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या बायकांच्या डिशना लेबलं लावत बसले. भिंतीतल्या खिडकीतून सिस्टर नळ्या आत देत होती. बाई त्यातलं पाणी डिशमध्ये ओतायच्या, मायक्रोस्कोपखाली फिरवायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "एक." मग बराच वेळ नुसता डिश ठेवल्याचा आवाज. "दोन."

सकाळीच एका एकोणतीस वर्षांच्या मुलीचं झालं होतं. तिच्या वेळी बाई खिडकीतून ओरडत होत्या, "अगं जरा दम धर, मला दोनच हात आहेत!"

ताईच्या वेळी कुणालाच दम धरायला सांगावं लागलं नाही.

सात मिळाली. त्यातली पाच पिकलेली.

ती गुंगीतून बाहेर आली तेव्हा मी कॉटशेजारी होते. तिच्या ओठांना कोरड पडली होती.

"किती ग चिंगे?"

"सात."

"विषम," ती म्हणाली. "चालेल." आणि परत झोपली.

भावोजी दारात उभे. ते ड्रायव्हिंग शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याशेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो. काळजीत असले की त्यांचा उजवा पाय उभ्याउभ्या फरशी दाबत राहतो. तेव्हाही दाबत होता.

"सात म्हणजे चांगलं का?"

"ठीक आहे, भावोजी."

"ठीक म्हणजे तुमच्या भाषेत काय?"

मी म्हटलं, ठीक म्हणजे ठीक.

शून्यच्या आधी

हे ताईला मी कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत आहे, तिने वाचलं आहे, पण माझ्या तोंडून नको.

मुलगी जन्माला येते ती आपली सगळी बीजं घेऊनच. ताई आईच्या पोटात होती, पाच-सहा महिन्यांची, तेव्हाच ती तयार झाली. नंतर एकही नवीन नाही. त्यातल्या प्रत्येकात गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवलेल्या, आणि त्या गाठी सोडायच्या कधी, तर ते बीज पिकेल तेव्हा. सोळाव्या वर्षी पिको नाहीतर त्रेचाळिसाव्या. तोवर गाठी तशाच. एवढी वर्षं बांधलेली गाठ आपोआप सैल होते, यात कुणाचा काही दोष नाही. मग वाटणी चुकते. एकाला एक गुणसूत्र जास्त, एकाला कमी. पोटात सगळं जुळून आलेलं असतं, फक्त मोजणी चुकलेली.

मी नऊ वर्षं हे बघते. पस्तिशीच्या आतली, अडतीस, चाळीस, त्रेचाळीस. कागदाच्या डाव्या कोपऱ्यातलं वय आधी बघायचं नाही असं मी ठरवून टाकलं आहे. तरी पाचव्या दिवशी डिश बघितली की कोपऱ्यात काय लिहिलं असेल ते बहुतेक वेळा कळतं. बहुतेक वेळा. एक सव्वीस वर्षांची मुलगी आठवते, तिचं काहीच टिकलं नाही. आणि एक चव्वेचाळीसची होती, तिचा मुलगा आता शाळेत जातो. या दुसऱ्या बाईचं मी ताईला सांगितलं होतं. पहिल्या मुलीचं नाही.

एक (फोनवर, माझ्या बाजूचं)

"हं, बोल... हो, बघितले बाईंनी... चार... पाचातले चार, हो... नाही ग, पाचवं फळलंच नाही... असंच. होतं तसं... नाही, तू काही केलं नाहीस... झोपलीस कोणत्या कुशीवर याचा काय संबंध!... चार चांगलेच आहेत... ताई, तू आत्ता टक्केवारी काढतेयस का?... ऐंशी, हो. बरोबर आहे तुझं... आईला सांग चार. टक्के सांगू नकोस, ती घाबरेल."

तीन

डॉक्टरांच्या खोलीत. बाईंनी लिहिलेला कागद टेबलावर, माझा हात त्याच्यापासून लांब.

आठ पेशींचे दोन. सात पेशींचा एक. सहा पेशींचा एक. काठ स्वच्छ, पेशी एकसारख्या. स्क्रीनवर फोटो लावले होते.

"अय्या," ताई म्हणाली. एवढंच. ती खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ गेली आणि बोट न लावता बोटाने मोजू लागली. "हे दोन पहिल्या बाकावरचे. हा मधला. आणि हा सहावाला जरा ढ दिसतोय."

"ढ नाही, सावकाश आहे," भावोजी म्हणाले. "माझ्यावर गेलाय."

डॉक्टर हसले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन रस्ते आहेत, ते म्हणाले. आज दोन आत सोडू. किंवा पाचव्या दिवसापर्यंत थांबू, जो टिकेल तो सोडू. थांबण्यात धोका हा, की कदाचित कुणीच टिकणार नाही आणि सोडायला काही उरणार नाही. आज सोडण्यात धोका हा, की आत काय चाललंय ते आपल्याला दिसणार नाही, आणि मागच्यासारखं नवव्या आठवड्यात...

"हो, हो," ताई म्हणाली. नवव्या आठवड्याचं ती कुणाला पुरतं बोलू देत नाही.

"दोन्ही बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "निर्णय तुमचा."

ताईने माझ्याकडे बघितलं. भावोजींनी बघितलं. डॉक्टरांनी कागदाकडे.

आता इथे मला काय माहीत होतं ते लिहिते. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळेच गर्भ छान दिसतात. निदान पुष्कळ. कारण तोवर ते आईने बांधून दिलेल्या डब्यावर जगत असतात. बीजात जी शिदोरी भरलेली असते ती तीन दिवस पुरते. नंतर डबा संपतो आणि गर्भाला स्वतःची चूल पेटवावी लागते. ज्याची मोजणी चुकलेली असते त्याची बहुतेक वेळा पेटत नाही. आईचं वय तिसऱ्या दिवशी दिसत नाही. ते त्याच्यानंतर दिसतं.

"तू काय करशील?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, "थांब."

"का?"

"जे इथे टिकायचे नाहीत ते आतही टिकणार नाहीत. मग निदान ते दोन आठवडे वाट बघणं तरी नको. आणि ते दुसरं."

"नववा आठवडा."

"हो."

तिने मान हलवली. सही केली. तिची सही मोठी आहे, फळ्यावर करायची सवय. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये ती म्हणाली, "उद्या कितीला फोन करशील?"

"उद्या नाही. चौथ्या दिवशी कुणी बघत नाही."

"एकदा डोकावायला काय जातं?"

"उघडायचं नसतं ग. त्रास होतो त्यांना."

"बरं बाई. पोरांना झोपू दे," ती म्हणाली आणि गाडीत बसताना ओटीपोटावर हात ठेवला. तिथे काहीच नव्हतं. ते चौघे माझ्याकडे होते.

चार

बाई जेवायला गेल्या एक वाजून दहा मिनिटांनी.

प्रत्येकीचा कप्पा वेगळा असतो, प्रत्येक कप्प्याला झाकण. ताईचा तीन नंबर. झाकणावरचा दिवा हिरवा.

मी आधी दोन नंबरचं पाणी बघितलं, मग चारचं तापमान लिहिलं. मग हात धुतले. परत धुतले. मी हे सगळं का लिहितेय? कारण त्या पाच मिनिटांत मी थांबू शकले असते. कुणी मला ढकललं नव्हतं. आई म्हणते तशी मी लहानपणापासून नाक खुपसणारी, पण ते कारण नाही. कारण एवढंच की आमच्यापैकी कुणीतरी बघायला हवं असं मला वाटलं. दुसरं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

झाकण उघडलं. डिश उचलली. मायक्रोस्कोप दीड पावलावर. थेंबांवर तेलाचा थर असतो, तो ऊब धरून ठेवतो.

चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना बिलगायला हव्यात. इतक्या, की एकीचा काठ कुठे संपतो आणि दुसरीचा कुठे सुरू होतो ते कळू नये. थंडीत पोरं एका पांघरुणात शिरतात तसं.

एक: आठ पेशी. कालच्याच आठ. सुट्या.

दोन: नऊ. एक पेशी काळपट झालेली.

तीन: अर्ध्या बिलगल्यात. अर्ध्या बाजूला.

चार: सहा. सहाच.

डिश परत ठेवली. झाकण लावलं. दिवा लाल झाला, मग हिरवा.

बाई आल्या तेव्हा मी पेन भरत होते.

"जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं. नव्हते जेवले.

संध्याकाळी ताईकडे गेले. न जाऊन कसं चाललं असतं? ती वही तपासत होती, पाय उशीवर, आणि भावोजी स्वयंपाकघरात काहीतरी जाळत होते. तिने लाल पेन कानामागे खोचलं.

"ये. आज काही बातमी नाही ना?"

"नाही."

"मस्त आहे ग हा दिवस," ती म्हणाली. "निकाल नाही, काही नाही. परीक्षा झाली आणि सुट्टी लागली असं वाटतंय. मी आज पहिल्यांदा नीट झोपले दुपारी."

मी तिच्या वह्यांचा गठ्ठा उचलून तपासायला बसले. सातवीच्या. बेरजा चुकलेल्या. मी प्रत्येक चुकीवर गोल काढत राहिले. तिने बघितलं आणि म्हणाली, "अगं किती निर्दय आहेस, अर्धा मार्क तरी दे."

पाच

सकाळी यंत्राची पट्टी निघते. कोणतं झाकण कधी उघडलं, किती सेकंद, सगळं छापून येतं. हे मला नऊ वर्षं माहीत आहे. काल एक वाजून सतरा मिनिटांनी ते माहीत नव्हतं.

बाईंनी पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"किती सेकंद?"

"छापलंय त्यावर."

"मी तुला विचारतेय."

"दोनदा उघडलं. बाहेर काढायला आणि ठेवायला. डिश बाहेर होती चाळीस सेकंद. पन्नास."

त्या उठल्या. कपाटातून फॉर्म काढला, माझ्यापुढे सरकवला. नियम मोडला की भरायचा तो. मी तो असा भरला:

काय घडलं: ठरलेल्या वेळेशिवाय कप्पा उघडला.

कुणी: मी.

परिणाम होण्याची शक्यता: अत्यल्प.

कारण:

कारणाची ओळ रिकामी ठेवली. बाईंनी तसाच घेतला. मग त्यांनी स्वतः तीन नंबर उघडला, बराच वेळ बघितलं, आणि पाचच्या रकान्यात लिहिलं: एक, दोन, चार, वाढ थांबलेली. तीन, अजून फुगा नाही, उद्यापर्यंत थांबावे.

"चाळीस सेकंदांनी काही होत नाही," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "तुला माहीत आहे ते. ती एकोणतीसची, तिची डिश परवा माझ्या हातून मिनिटभर बाहेर राहिली. सात फुगे झाले तिचे."

"हो बाई."

"मग रडतेस कशाला?"

ताईला फोन बाईंनी केला. मी शेजारी बसून ऐकलं. तिकडून ताईचा आवाज येत होता, वर्गात हजेरी घेतल्यासारखा: "म्हणजे एक बाकी आहे. ठीक. एक बाकी आहे."

सहा

तीन: वाढ थांबलेली.

सहा, संध्याकाळ

पडदे ओढलेले. भावोजी बाल्कनीत फोनवर कुणाला तरी सांगत होते की उद्याचा क्लास होणार नाही. ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं, किंवा सुरू व्हायचं होतं.

"चिंगे, एक विचारू?"

"विचार."

"त्यांना... म्हणजे ते संपले तेव्हा. तिथे कुणी असतं का? की अंधारात, एकटेच?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? त्या सहा-आठ पेशींना अंधार कळत नाही. एकटेपणा कळत नाही. हे खरं होतं, आणि ते बोलून मी तिच्या खोलीतून बाहेर कशी पडले असते? मला तिला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती.

"एकटे नव्हते," मी म्हटलं. "मी गेले होते. चौथ्या दिवशी. मी बघितलं त्यांना, ताई. चौघांनाही."

तिचा चेहरा मऊ झाला. तिने माझा हात धरला. मग तिची पकड बदलली.

"चौथ्या दिवशी?"

"हं."

"चौथ्या दिवशी उघडत नाहीत म्हणाली होतीस."

मी चादरीची सुरकुती सरळ केली.

"त्रास होतो म्हणालीस. पार्किंगमध्ये."

"ताई, तसं नाही. तो नियम आहे, पण एवढ्याने..."

"तिसऱ्या दिवशी छान होते," ती म्हणाली. आता ती सरळ बसली होती, आणि मला तिचा वर्गातला चेहरा दिसला, फळ्यावर शेवटची ओळ लिहायच्या आधीचा. "फोटो बघितलाय मी. तिसऱ्याला छान. चौथ्याला तू उघडलंस. पाचव्याला संपले. बरोबर?"

"क्रम बरोबर आहे. पण कारण ते नाही."

"मग कारण काय?"

दोन उत्तरं

एक मी दिलं. एक दिलं नाही. दोन्ही लिहिते.

न दिलेलं: हो ताई. माझ्यामुळे झालं. मी नाक खुपसलं, थंडी आत गेली, ते गेले. तुझं काही चुकलं नाही, तुझ्या शरीराचं काही चुकलं नाही. मला मार, घरातून हाकल, आईला सांग.

हे दिलं असतं तर ती उठली असती. तिने तोंड धुतलं असतं. आणि पुढच्या महिन्यात परत रोजची इंजेक्शनं घेतली असती, परत सात, परत चार, परत तिसऱ्या दिवशी सुंदर, कारण जे हातून बिघडतं ते पुढच्या वेळी नीट करता येतं. आणि मी तिला त्या दिवसापर्यंत नेऊन परत सोडलं असतं.

दिलेलं: "ताई, झाकणामुळे नाही. मी उघडलं तेव्हा ते आधीच थांबलेले होते. बीजांचं वय असतं. ते तिसऱ्यानंतरच कळतं. मी थांब म्हटलं ते त्यासाठीच."

तिने माझा हात सोडला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू तसं म्हणणारच."

आणि मला कळलं की आता काही उरलं नाही. मी चूक कबूल केली असती तरी तिने विश्वास ठेवला असता, नाकारली तरी तिचा विश्वास त्याच चुकीवर. झाकण मी उघडलं होतं. पट्टीवर छापलेलं होतं. तिचं वय तिच्या आत, कुठल्या गाठी सैल झाल्या ते कुणी बघितलेलं नाही, आणि माझा हात मात्र सगळ्यांना दिसण्यासारखा.

आठवड्यानंतर

डॉक्टरांच्या खोलीत परत तेच टेबल. फोटो नव्हते.

"मला एकच विचारायचंय," ताई म्हणाली. वही आणली होती तिने. "ही म्हणते डिश चाळीस सेकंद बाहेर होती. तेवढ्याने गर्भ थांबू शकतो का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. भला माणूस. "शक्यता नगण्य आहे."

"नगण्य म्हणजे शून्य नाही."

"वैद्यकात आम्ही शून्य म्हणत नाही. पण..."

"मग वयामुळे थांबले, हे नक्की?"

"बहुतेक. तुमच्या वयात बहुतेक वेळा हेच..."

"बहुतेक म्हणजे शंभर नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "शंभर नाही."

तिने वहीत दोन आकडे लिहिले. एक शून्य नव्हता, एक शंभर नव्हता. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत तिने आपलं घर बांधलं आणि दार लावून घेतलं. मी समोर बसले होते. डॉक्टर खोटं काहीच बोलले नव्हते, मीही नव्हते, बाईही नव्हत्या. आमच्या सगळ्यांच्या खऱ्याखऱ्या शब्दांत तिला हवी तेवढी फट सापडली.

"अजून एकदा करायचं," ती म्हणाली. "माझ्याच बीजांनी. पण ही लॅबमध्ये नको. ते सहा दिवस हिला सुट्टी द्या."

"ताई," मी म्हटलं.

"तुझ्यावर राग नाही माझा, चिंगे. खरंच नाही. फक्त तू तिथे नको."

जिन्यात भावोजींनी मला गाठलं. दंड धरला, मग एकदम सोडून दिला.

"तू तिला पटवून सांग ना. झाकणाचं काही नव्हतं म्हणून."

"सांगितलं, भावोजी."

"नीट सांग. तुझं ऐकते ती."

"माझंच ऐकत नाही आता."

ते पायरीवर बसले. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला पाय आखडून घेतले. "माझ्या गाडीत कसं असतं," ते म्हणाले, "पोरगं भिंतीवर चाललंय असं दिसलं की मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबतो. त्याला कळतसुद्धा नाही. इथे मी शेजारी बसलोय नुसता. भिंत दिसतेय. पाय कशावर ठेवू ते सांग."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"निदान मला तरी खरं सांग. यावेळी काही होईल?"

"होऊ शकतं."

"बहुतेक?"

"बहुतेक नाही."

त्यांनी मान हलवली. मग उठले, पँट झटकली आणि ताई येतेय बघून तोंडावर हसू आणलं. ते हसू आणायला त्यांना फार वेळ लागला नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

परत शून्यच्या आधी

दीड महिन्याने तिचा फोन आला. मध्ये आमचं बोलणं बहुतेक आईच्या मार्फतच चाललेलं.

"आहेस का घरी? ये जरा. यांचा हात थरथरतो, चार दिवसांत निळं पडलं पोट. आणि मला स्वतःला टोचता येत नाही."

गेले. इंजेक्शनाचं पेन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेलं, शेजारी कापूस. कॅलेंडरवर तिने लाल पेनाने दिवस आखले होते. वाढदिवस त्यातच येत होता. चव्वेचाळीस. त्या चौकटीत काही लिहिलेलं नव्हतं, तीही इतर दिवसांसारखी आखून टाकलेली.

तिने कुडता वर केला आणि भिंतीकडे तोंड केलं. पोटावर जुने डाग होते, पिवळे पडलेले. मी मोकळी जागा शोधली, कातडी चिमटीत धरली. मला वाटलं, हे पेन मी हातातून खाली ठेवावं. आत्ता. म्हणावं, ताई, नको. पण तेही मी म्हणून झालं होतं. तिच्या घरी, फोनवर, आईच्या फोनवर, एकदा चिठ्ठी लिहूनही. आता माझ्या हातात एवढंच उरलं होतं की दुखू न देता टोचावं.

सुई आत गेली. ती हललीसुद्धा नाही.

"झालं?"

"अजून नाही. बटण दाबून धरायचं असतं. दहापर्यंत मोज."

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार." तिचा मोजायचा आवाज चांगला आहे. चाळीस मुलं गप्प बसतात त्याने. "पाच. सहा. सात." ती थांबली. भिंतीकडे बघतच म्हणाली, "यावेळी सातपेक्षा जास्त मिळतील ना ग?"

मी अंगठा तसाच दाबून धरला.

"मोज," मी म्हटलं.